अर्थ न बदलता

आमच्या अण्णांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझं इंग्रजी तपासायची हौस मात्र दांडगी. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की सायकल हाणत घरी यायचे, हातपाय धुवायचे, दारातल्या ओट्यावर बसायचे आणि हाक मारायचे, "जाये, आण गं ते गाईड. मोठ्यानं म्हण." मनातल्या मनात वाचलेलं त्यांच्या लेखी वाचलेलंच नव्हे. कानावर पडलं तर अभ्यास, नाहीतर टिवल्याबावल्या.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. पिंपरीत कंपनीच्या मागच्या चाळीत आमची एक खोली होती. मॅट्रिकला माझे बाकीचे विषय सुटले आणि मेल्या इंग्रजीनं दगा दिला. कंपनीच्या दवाखान्यातल्या नर्स शालनबाई भल्या बाई. त्या अण्णांना म्हणाल्या, "किसनराव, पोरगी मॅट्रिक होऊ द्या, पुण्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला घालू. राहायला होस्टेल आहे." होस्टेल! म्हणजे तिथं माझी एकटीची खाट असणार. मला तर त्या खाटेची स्वप्नं पडायला लागली. अण्णांनी शब्द दिला, "ऑक्टोबरला सुटलीस तर नर्सिंग. न्हाई सुटलीस तर गुमान लगीन."

मग काय, मी गाईडला घोरपडीसारखी चिकटले. घोडं अडलं होतं ते एकाच प्रश्नावर. अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा. शेजारी एक इंग्रजी वाक्प्रचार दिलेला असायचा, तो वाक्यात बसवायचा. त्याने नोकरी नाकारली, तर लिहायचं, ही टर्न्ड डाउन द जॉब. ती गोंगाट सहन करते, तर शी पुट्स अप विथ द नॉइज. अशी पानंच्या पानं.

अण्णा लेथवर काम करायचे. मशीन न अडखळता चाललं म्हणजे सगळं ठीक, हा त्यांचा नियम, आणि तोच त्यांनी मला लावला. मी जरा अडखळले की बोट वर. "पुन्यांदा." धडाधड म्हटलं की "शाब्बास!" वाक्य बरोबर की चूक, त्यांना काय ठाऊक? हे माझ्या ध्यानात आलं आणि मी चेकाळलेच. गाईड डोळ्यांपुढे धरायचं आणि माझी स्वतःचीच वाक्यं ठोकायची. आय ॲम फेड अप विथ धिस रूम. मला या खोलीचा वीट आलाय. "शाब्बास!" आय कॅनॉट पुट अप विथ यू, अण्णा. मला तुम्ही सहन होत नाही. तर अण्णा खूश, "आयला, माजं नाव बी घेतलं की!" आई चुलीपाशी खुदुखुदु हसायची. मला रडूही यायचं आणि बरंही वाटायचं. मराठीत यातलं अर्धं जरी बोलले असते तरी थोबाड फुटलं असतं. इंग्रजीत मात्र ओट्यावर बसून बोंबलायची मुभा होती.

तिथंच माझा घात झाला. ते बोंबलणं सगळी चाळ ऐकत होती. चाळीनं ते कंपनीत नेलं. किसनची पोरगी फाडफाड इंग्रजी बोलते! अण्णा कँटीनमध्ये छाती फुगवून फिरायला लागले, आणि परीक्षा तोंडावर असताना चिंचवडहून भीमराज नावाच्या गृहस्थांचं स्थळ चालत आलं. त्यांचा मुलगा जयसिंग एका कारखान्यात कामगारांची हजेरी मांडणारा टाइमकीपर, साहेबाशी इंग्रजीत बोलणारा. त्यांना सूनही तशीच पाहिजे होती. म्हणजे बघा, बाहेर पडायला मी जे शिकत होते, त्यानंच माझं दार लावून टाकलं.

"अण्णा, तुम्ही शब्द दिलाय," मी म्हणाले.

"दिला की. पर उद्या नापास झालीस, तर असलं स्थळ पुन्यांदा यील व्हय? आन् पास झालीस तरी करनार काय? परक्या मानसांची घाण काढनार?"

"मला परीक्षा द्यायचीय."

"लगीन झाल्यावर दे की. कोन न्हाई म्हनतंय?"

मी आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. माझा असा संताप झाला म्हणता!

रविवारी मंडळी आली. जय भीम झाले, पोहे झाले, चहा झाला. दारात अख्खी चाळ लोटलेली. मी पाटावर, पदर डोक्यावर. भीमराज चांगले हसतमुख होते. म्हणाले, "पोरी, जरा विंग्रजीत बोल की. आमाला बी ऐकू दे."

जयसिंग समोरच बसला होता. खिशाला पेन, भांग नीट पाडलेला. मी मनाशी म्हटलं, या खोलीत एवढ्या एकाच माणसाला माझं बोलणं कळणार आहे. शिकलेला आहे, समजून घेईल. काहीतरी निमित्त काढून नकार कळवेल, कुणाचीच बेअब्रू व्हायची नाही. माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती. त्याच्या डोळ्यांत बघून मी बोलले, "आय टर्न डाउन धिस प्रपोजल. आय वॉन्ट टू बी अ नर्स. प्लीज हेल्प मी." हे स्थळ मला नको. मला नर्स व्हायचंय. मला मदत करा. कुठंही अडखळले नाही.

"शाब्बास!" अण्णा ओरडले.

"काय म्हनली रं?" भीमराजांनी लेकाला विचारलं.

जयसिंगचे कान लालबुंद झाले. त्याला शब्द न् शब्द कळला होता, मी पैजेवर सांगते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, दारातल्या गर्दीकडे पाहिलं, मग रुमालानं मान पुसली.

"ती म्हणते," तो म्हणाला, "स्थळ पसंत आहे. वडील म्हणतील तसं."

एकच गलका झाला. दारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, भीमराजांनी अण्णांना मिठी मारली. परीक्षेत असं अर्थ फिरवलेलं वाक्य लिहिलं असतं तर भोपळा मिळाला असता, आणि इथं त्याच्यावर सोयरीक जुळली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आता इंग्रजी गेलं खड्ड्यात, सरळ मराठीत सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं.

"न... मी... न..."

मराठीत अण्णांसमोर तो शब्द मी जन्मात कधी उच्चारला नव्हता. जीभ वळेचना.

"लाजली गं बाई!" कुणीतरी म्हणालं, आणि आईनं माझ्या उघड्या तोंडात साखरेची चिमूट घातली.

मी अण्णांकडे बघत राहिले. मी अडखळले की बोट वर करून "पुन्यांदा" म्हणायचे ना ते? त्या दिवशी त्यांनी बोट वर केलं नाही.