आपल्या माणसाची गाडी

आमच्या ह्यांची एक रीत आहे. दंडाची पावती आली की आधी ती हातात धरून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं भांडायचं, मग तिची बारीक घडी करून गाडीतल्या खणात कोंबायची आणि विसरून जायचं. दंड भरणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि ते ह्यांच्या रक्तातच नाही. खण मिटेनासा झाला तेव्हा ह्यांनी पावत्या काढल्या नाहीत, खणाला दोरी बांधली.

गाडी मात्र जिवापाड जपलेली. हे फर्निचरला पॉलिश करतात. ह्यांचा हात फिरला की पोटमाळ्यावरून काढलेलं टेबलसुद्धा दिवाणखान्यात मिरवायला लागतं. तेच हात सुट्टीच्या दिवशी मऊ फडकं घेऊन गाडीवरून फिरतात. चाकांच्या वाट्या तर इतक्या चकचकीत की वाकून केस विंचरावेत. मी एकदा म्हणाले, "इतकं निरखून माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत." तर म्हणाले, "तुझ्यावर कुठे ओरखडे पडतात?"

तर अशा माणसाच्या लेकीने लग्नासाठी निवडला कोण, तर जॅमर पथकातल्या माणसाचा मुलगा. ज्यांचे दंड थकलेत त्यांच्या गाडीच्या चाकाला तो पिवळा लोखंडी जबडा अडकवायचा आणि कुलूप घालायचं, हे मुलाच्या वडिलांचं काम. संध्याकाळपर्यंत दंड भरला नाही की मागून क्रेन येते आणि गाडी उचलून नेते. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती, मुलाची आई एकदा मला बाजारात भेटून गेली होती आणि तिच्याशी माझं छान जमलं होतं. पण ह्यांचं एकच पालुपद. "लोक ज्याच्या नावाने दिवसभर बोटं मोडतात, त्याच्या घरात मुलगी द्यायची? लग्नाला आलेले निम्मे पाहुणे त्याला ओळखतील, तेही शिव्यांसकट."

लेक माझी हट्टी नाही. तेच तर वाईट होतं. ती म्हणाली, "बाबा नाही म्हणाले तर मी नाही करणार. पण एकदा त्यांना भेटा आणि मग नाही म्हणा." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती घरात पाय न वाजवता वावरायला लागली. मला ते बघवेना. मी ह्यांना जेवताना, झोपताना, दुकानात जाताना असं टोचून टोचून शेवटी भेटीला तयार केलं. मुलाचे आईवडील दुपारी आमच्याकडे येणार असं ठरलं. सुट्टीचा दिवस होता. ह्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, सकाळच्या गाडीने येणार होत्या आणि हे त्यांना आणायला स्टेशनवर जाणार होते. वन्संचा शब्द ह्यांच्यासाठी शेवटचा. त्यांनी नाक मुरडलं की संपलं.

सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. हे किल्ली फिरवत, शीळ घालत खाली उतरले. शीळ अर्ध्यात तुटली.

मी वाकून पाहिलं. गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळा जॅमर होता. शेजारी पदपथाच्या कडेवर एक माणूस बसला होता. अंगात गणवेश, पायाशी हत्यारांची पिशवी, टोपी गुडघ्यावर. ह्यांना पाहून तो उठला, टोपी घातली आणि काहीतरी बोलायला गेला. पण आमच्याकडे दुसऱ्याने आधी बोलायची पद्धत नाही.

"लाज वाटते का? सुट्टीच्या दिवशी? सकाळी सकाळी? चोरासारखा येऊन गाडी बांधतोस आणि वर इथेच बसतोस, तमाशा बघायला?"

तो माणूस म्हणाला, "चोरासारखा आलो असतो तर थांबलो नसतो, साहेब. तुम्ही खाली यायची वाट बघत होतो. दंड थकलेल्या गाड्या सुट्टीच्या दिवशी घरासमोर सापडतात, म्हणून आज मोहीम आहे."

आवाजात ना उर्मटपणा, ना गयावया. मी जरा नीट पाहिलं आणि माझ्या हातातली ओली चादर खाली बागेत पडली. मुलाच्या आईने मला फोनवर तिच्या नवऱ्याचा फोटो दाखवला होता. तोच चेहरा, त्याच जाड भुवया.

"अहो!" मी वरून ओरडले. "अहो, ऐकता का! ते—"

"तू मध्ये पडू नकोस!" हे मान वर न करता म्हणाले आणि पुन्हा त्या माणसाकडे वळले. मग जे काही तोंडाला आलं ते सगळं बाहेर पडलं. दुसरा धंदा मिळाला नाही का, घरी पोरंबाळं आहेत का, त्यांना काय सांगतोस बाप काय करतो म्हणून. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करत उघडल्या. माझ्या मागे लेक कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. ती एवढंच म्हणाली, "आई, संपलं गं."

आम्ही दोघी धावतच जिना उतरलो.

खाली पोहोचलो तेव्हा ह्यांचा फोन वाजत होता. वन्सं. हे फोनवरसुद्धा त्याच पट्टीत बोलले, "ताई, थांब जरा, एका माणसाने गाडी अडवून धरलीय!" आणि फोन बंद केला. लेक पुढे झाली. तिने वाकून त्या माणसाला नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, हे दुपारी आपल्याकडे येणार होते."

क्षणभर मला वाटलं, आता तरी हे ओशाळतील. पण ओशाळणं अवघड पडलं की ह्यांना राग सोपा जातो. "असं का!" हे म्हणाले. "म्हणजे माहीत असून केलंत. कुणाची गाडी आहे, आज कुठला दिवस आहे, सगळं माहीत असून. मग दुपारी येऊ नका. विषय संपला."

लेकीने मागे येऊन पुन्हा माझं मनगट धरलं. तो माणूस म्हणाला, "लग्नाचं तुम्ही ठरवायचं. तुमचा हक्क आहे. फक्त चाक एकदा बघून घ्या. नंतर ओरखडा दिसला तर मला चुकल्यासारखं वाटेल."

ओरखड्याचं नाव काढलं आणि हे आपोआप खाली वाकले. राग बाजूला ठेवून नाही, रागासकट. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि चाकाशी उकिडवे बसले. मला वाटतं ह्यांना ओरखडा सापडायला हवा होता. एक बारीकसा सापडला असता तरी भांडण जिंकलं असतं.

जॅमरचा जबडा आणि चाकाची वाटी यांच्यामध्ये दुहेरी घडीचं मऊ फडकं होतं. आमचा रस्ता उताराचा आहे आणि हँडब्रेक जरा ढिला, तर मागच्या चाकाखाली लाकडाची पाचर सरकवली होती. रस्त्याच्या बाजूचा आरसा आत वळवून ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून. नोटीस इतरांच्या काचेवर डिंकाने चिकटवलेली असते, पंधरा दिवस खरवडली तरी निघत नाही. आमची वायपरखाली घडी करून ठेवली होती. हे ते सगळं बघत गाडीभोवती फिरले. फडक्याचं टोक चिमटीत धरून बोटांनी चोळलं. पॉलिशवाला माणूस, फडक्याची जात कळते.

"हे फडकं सरकारी नाही," हे म्हणाले.

"नाही. घरचं आहे. सरकार फडकं देत नाही."

"सगळ्यांना लावता?"

"सगळ्यांना. मोडक्या गाडीलाही. चूक गाडीच्या मालकाची असते, गाडीची नसते."

ह्यांनी फडक्याचं टोक पुन्हा होतं तसं सरळ केलं. मला माझा नवरा कळतो. आवाज उतरला की तो हरलेला नसतो, विचारात पडलेला असतो. आणि खरं सांगते, मलाही त्या माणसाचं मनापासून कौतुक वाटलं. एवढं ऐकून घेतलं, सगळ्या गल्लीदेखत, आणि कपाळावर आठी नाही. माझ्यात यातला निम्मा धीर असता तर माझ्या संसारातली निम्मी भांडणं वाचली असती.

"पण एक सांगा," हे अखेर म्हणाले. "थकलेल्यांच्या यादीत माझं नाव पाहिलंत. पथकातला जोडीदार असतो ना बरोबर? त्याला पाठवायचं होतं. तुम्ही पुढच्या गल्लीत गेला असता. मला कळलंही नसतं. दुपारी येऊन लाडू खाल्ले असते."

"तसं चालत नाही आमच्यात."

"काय चालत नाही?"

त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं. "पूर्वी आमच्यातल्या एकाने असंच केलं होतं. यादीत मेव्हण्याची गाडी निघाली, तर हा कोपऱ्यावर जाऊन चहा पीत उभा राहिला आणि जोडीदाराला पुढे धाडलं. मेव्हणा तापट. त्याने जोडीदाराच्या थोबाडीत दिली. त्या बिचाऱ्याचा काय संबंध? तेव्हापासून पथकात ठरून गेलंय. परक्याची गाडी असली तर कुणीही लावावा जॅमर. आपल्या माणसाची असली तर आपणच लावायचा, आणि तो येईपर्यंत गाडीपाशी बसायचं. त्याच्या शिव्या आपण खायच्या. दुसऱ्याला खायला लावायच्या नाहीत."

"आपल्या माणसाची," हे म्हणाले.

"हो."

"अजून मी होकार कुठे दिला होता?"

"तुम्ही नव्हता दिला," तो म्हणाला. "आमच्या घरात मात्र कधीच झालं होतं. मुलगी आमच्या मनात भरली त्याच दिवशी. सकाळी यादी हातात आली तेव्हा जोडीदार म्हणालाच, अजून पक्कं नाही ना, मग मी जातो, सुटशील तू. मला नाही पटलं. तुम्हाला परकं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो, हे खरं. पण मग दुपारी तुमच्या घरात कुठल्या तोंडाने बसलो असतो?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

हे गाडीत वाकले, खणाची दोरी सोडली. पावत्या पायांत सांडल्या. तिथेच पदपथाच्या कडेवर, ज्या जागी तो माणूस बसला होता तिथे बसून ह्यांनी फोनवरून एकेक करत सगळा दंड भरला. ओठ घट्ट मिटलेले. दाताच्या डॉक्टरकडेही हे असेच बसतात.

"झालं," हे म्हणाले.

"कार्यालयातून निरोप आला की कुलूप काढतो," तो म्हणाला. "आज सुट्टी, वेळ लागेल. त्याच्या आधी नाही काढता येणार."

हीच ती जागा, जिथे हे पुन्हा पेटतात.

"नका काढू," हे म्हणाले आणि थोडं सरकून शेजारी जागा केली. तो माणूस बसला. दोघंही चाकाकडे बघत राहिले.

पुन्हा फोन वाजला. वन्संना फोनची तशी गरज नसतेच, त्यांचा आवाज स्टेशनवरूनही आला असता. आम्हाला सगळ्यांना ऐकू गेला. "अरे, मी किती वेळ उभी राहू? गाडी कुठे आहे?"

"ताई, टॅक्सी करून ये. गाडीला जॅमर लागलाय."

"काय? कुणी लावला? नाव सांग मला त्याचं!"

ह्यांनी शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा पाहिलं.

"व्याह्यांनी," हे म्हणाले.

तेव्हा कुठे लेकीने माझं मनगट सोडलं.