नानांचा हात

माझा आवाज मोठा आहे, कबूल. गुलमंडीत कापडाच्या दुकानात वाढलेली पोरगी मी, हळू बोलायला कुणी शिकवलंच नाही. आणि पडले कुठं, तर जिथं बारशाला बाळाच्या तोंडावर हात ठेवतात त्या घरात!

खोटं नाही सांगत. माझ्या लेकीचं, श्रेयाचं बारसं होतं, बायकांची गाणी चालली होती. तेवढ्यात माझ्या नवऱ्याचे, विश्वजीतचे आजोबा, म्हणजे आमचे नाना, पाळण्याशी आले. तिच्या तोंडावर तळवा ठेवून म्हणाले, "गप ऱ्हा, जगशील." सासरची सगळी माणसं हात जोडून उभी. माझं तर डोकंच फिरलं.

रात्री मी विश्वजीतला धारेवर धरलं, तेव्हा त्यानं सांगितलं. निजामाच्या रझाकारांच्या वेळी नाना सहा वर्षांचे, फर्दापूरजवळच्या खेड्यात. घरचे सगळे जमिनीतल्या धान्याच्या पेवात उतरून लपले. शेजारच्या मेहबूबचाचांनी पेवावर फळी टाकली, वर कडबा रचला. बंदूकवाले अंगणात हिंडत होते आणि तान्ही भागूबाई रडायला लागली. आई तापानं फणफणलेली. मग नानांनीच बहिणीचं तोंड दाबून धरलं. पोर काळीनिळी पडली, पण वाचली. आज पैठणला पणतवंडं खेळवते. तेव्हापासून या घरातल्या प्रत्येक बाळाला तो हात लागतो.

ऐकून अंगावर काटा आला. पण म्हणून काय झालं? बारसं झाल्यावरही श्रेयानं जरा सूर लावला की नाना धडपडत यायचे, हात पुढं करायचे. माझा जीव नुसता टांगणीला. एक दिवस मी त्यांचा हात झटकलाच. "नाना, परत असं केलंत तर पोरीला घेऊन मी माहेरी जाईन, सांगून ठेवते! इथं कुणी मारायला येत नाहीये."

"बरं बाई," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

मग आला मे महिना. सीमेवर तणाव, टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा. शहरात हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजणार म्हणून सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप आला होता. नानांकडं मोबाईल नाही, आणि त्यांना सांगायचं आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. श्रेया झोपली होती म्हणून मी गच्चीवर कुरडया उलटायला गेले, आणि भोंगा सुरू झाला. काय मेला आवाज तो! धावत खाली आले तर दार सताड उघडं, पाळणा रिकामा. नानाही नाहीत.

मी "नाना! नाना!" करत सुटले. समोरच्यांचं दार बडवलं, लिफ्ट सोडून जिन्यानं पळाले, एका पायातली चप्पल कुठं गेली देव जाणे. भोंग्यात माझाच आवाज मला ऐकू येईना. डोळ्यांसमोर फक्त तो हात. गेटवरचा वॉचमन म्हणाला, बाहेर कुणी गेलेलं नाही.

मग भोंगा थांबला. सगळं चिडीचूप. ती शांतता मला भोंग्याहून वाईट वाटली. रड गं माझी बाई, मी मनात म्हणत होते, एकदा तरी रड.

आणि ती रडली. टाहो फोडून!

आवाज जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून येत होता. दार ढकललं. आत अंधारात नाना भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर श्रेया, लालबुंद, लाथा झाडत होती. आणि नानांनी तळवा स्वतःच्याच तोंडावर घट्ट दाबला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मी मटकन खाली बसले. श्रेयाला छातीशी घेतलं आणि नानांचा हात त्यांच्या तोंडावरून ओढून काढला. बर्फासारखा गार पडला होता.

"रडू दिलं मी तिला," नाना कुजबुजले. "लई रडली गं. आवाज ऐकून कुणी आलं नाय ना?"

"मी आले ना, नाना."