मोकल मॅडमची न झालेली सही

शुभदा मोकल संतापली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. भर चैत्रात वारा एकाएकी पडावा आणि आंब्याचं पानही हलू नये, तशी एक तप्त निश्चलता तिच्याभोवती पसरे. रामवाडीहून रोह्याच्या एसटीत आम्ही दोघी रोज शेजारी बसायचो. मी महाविद्यालयात गणित शिकवायची, ती संगणक. कोवळ्या उन्हात तिची बोटं मांडीवरच्या पर्सवर नकळत चालत राहत, जणू मनात कुठलासा प्रोग्रॅम अखंड वाहतो आहे.

तिच्या वर्गात वरसेपलीकडच्या आदिवासी वाडीवरची सुगंधा होती. तिची आई मजुरीवर जायची. पोर अबोल, पण कळफलकापुढे बसली की चेहऱ्यावर पहाट उजाडायची.

शुभदाने मुलींना पायथन या संगणकभाषेची नवी आवृत्ती शिकवली होती. जुनी आवृत्ती म्हणजे तिचीच थोरली बहीण; चेहरामोहरा तोच, पण काही वळणं अशी बदललेली, की धाकटीचं साधं वाक्य थोरलीला भलतंच ऐकू यावं. प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र पेणला आलं, आणि तिथल्या यंत्रांवर नेमकी थोरली बसलेली होती. हे कुणी आधी सांगितलं नाही. सांगावंसं कुणाला वाटलंही नाही.

सुगंधाचा प्रोग्रॅम नाव विचारून स्वागत करणारा होता. नव्या भाषेत त्यासाठी ‘इनपुट’ एवढा शब्द पुरतो. जुनीत त्याच्याआधी ‘रॉ’ जोडावं लागतं, नाहीतर टंकलेलं नाव ती आपल्याच साठ्यात शोधू लागते. सुगंधाने स्वतःचं नाव टंकलं. पडद्यावर लाल ओळ उमटली: या नावाची कुठेही व्याख्या नाही.

बाहेरून आलेले परीक्षक हसले. “स्वतःचं नावही धड लिहिता येत नाही?”

“सर, बरोबर लिवलंय. माझंच नाव हाय.”

“हाय नव्हे, आहे. आधी मराठी शिक.” आणि त्यांनी शून्य मांडलं.

मी पर्यवेक्षक म्हणून तिथेच होते, शुभदाही होती. ती उठली, सुगंधाशेजारी वाकली, तो एक शब्द जोडला. यंत्राने मुकाट्याने सुगंधाचं स्वागत केलं.

“सर, मुलगी चुकलेली नाही,” ती अगदी हळू म्हणाली. “तुमच्या यंत्रावर जुनी भाषा आहे.”

“ते मला नका शिकवू. प्रोग्रॅम चालला नाही, विषय संपला. सही करा.”

गुणपत्रिकेवर अंतर्गत परीक्षक म्हणून तिची सही लागत होती. तिने पेनाचं टोपण लावलं. प्राचार्यांचा फोन आला, “कशाला वाढवताय, मॅडम?” ती म्हणाली, “मी नाही वाढवलं, सर.” पुढे तिने विद्यापीठाला अर्ज केले, खेटे घातले. अखेर फेरपरीक्षेचा हुकूम निघाला.

पण सुगंधा तोवर डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे साफसफाईला लागली होती. आम्ही दोघी वाडीवर गेलो. “मॅडम, र्‍हाऊ द्या. माझ्यासाठी भांडू नका,” ती खाली बघत म्हणाली. शुभदा ओट्यावरच बसली. “तुझ्यासाठी नाही गो. मला राग आलाय. माझा राग उतरवायला तरी चल.” सुगंधाच्या आईला हसू फुटलं, म्हणाली, “जा गो. येक शिफ्ट बुडंल, बुडू दे.”

सुगंधा पास झाली. पुढे पनवेलला शिकायला गेली.

शुभदाचा कंत्राटी नोकरीचा करार मात्र जूनमध्ये वाढवला गेला नाही. कारण दिलं, तास कमी झाले. त्याच तासांवर जुलैत दुसरी बाई आली. ज्यांनी मुलीच्या नावाला हसून शून्य दिलं, त्यांचा मात्र पुढच्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. टाळ्यांचा तो सभ्य, ओलसर कडकडाट अजून माझ्या कानांत सलतो.

शुभदा आता नाशिकला भावाकडे असते. केंद्रावरच्या यंत्रांवर नवी आवृत्ती आली आहे. मुली येतात, लिहितात, उत्तीर्ण होऊन निघून जातात. लोक म्हणतात, काळ सगळं निववतो. काळ निववत नाही, तो फक्त साक्षीदार पांगवतो. आणि जोवर माझ्या शेजारच्या त्या रिकाम्या सीटकडे बघून माझं रक्त तापतं, तोवर तिची अनुपस्थिती पुरती जुनी झालेली नाही.