चौथ्या तळ्याची घट

तळी पाच, काठच्या खडकांत ठोकलेल्या पितळी खुणा पाच, मोजपट्टी एक, वही एक, पेन्सिली दोन. भाताचे मुटके सहा; त्यातले चार साहेबांचे. रोपवेच्या वरच्या स्थानकापासून दीड तास चढून कुराशिना पहिल्या तळ्याशी टेकला, तेव्हा साडेनऊ झाले होते.

गावकचेरीत कारकून लागल्यापासून एकतीस वर्षं तो दर सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी इथे यायचा. खुणेपासून पाण्यापर्यंत पट्टी सोडायची, आकडा लिहायचा, पुढच्या तळ्याकडे निघायचं. येत्या मार्चमध्ये तो निवृत्त होणार होता. त्याच्या आकड्यांवरून मोठा फलक छापून तयार होता: डोंगरावर बर्फ कमी पडू लागलं, म्हणून चौथं तळं आटलं. खाली त्याचं नाव. आजच्या नोंदीवर सही झाली की वही विद्यापीठात जाणार होती. म्हणूनच आज खातेप्रमुख मियासाका सोबत आला होता. वयाने पंधरा वर्षांनी लहान. अर्ज कसा भरायचा हे त्याला कुराशिनानेच शिकवलं होतं.

पहिल्या तीन तळ्यांत नवीन काही नव्हतं. एकतीस वर्षांत फरक सेंटिमीटरभर इकडे किंवा तिकडे. यंदा कुराशिनाने चौथं वगळून आधी पाचवं मोजलं. तेही तसंच. मियासाकाने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, परतताना वाटेतच आहे.

चौथ्यापाशी, फळ्यांच्या वाटेवर, कमरेला अस्वलं पळवायच्या घंटा बांधलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या उभ्या होत्या. एकीने विचारलं, शिखराचं प्रतिबिंब पडतं ते तळं कुठंय. कुराशिनाने समोर बोट दाखवलं.

"हे? अहो, आमच्या न्हाणीघरातला टब याहून मोठा आहे."

हसत, किणकिणत त्या गेल्या. मियासाकाही हसला. कुराशिना फळ्यांवरून खाली उतरला आणि काठावरचा बुटका बांबू त्याने दोन्ही हातांनी बाजूला केला.

"साहेब, हा पाट बघा. मी खणलाय."

मग त्याने सगळं सांगितलं. चोवीस वर्षांपूर्वी राजधानीहून पाहुणे यायचे होते आणि फळ्यांवर चार बोटं पाणी होतं. तेव्हाचे प्रमुख ताकामीसाहेब म्हणाले, जरा पाणी काढून दे. वरच्याला का म्हणून विचारायची पद्धत नव्हती. कुराशिनाने अर्धा दिवस फावडं मारलं. पाहुण्यांचे बूट कोरडे राहिले. पुढच्या वर्षी पाणी खाली गेलेलं दिसलं. आकडा त्याने खरा लिहिला. आकडा तो कधीच खोटा लिहीत नसे. शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिलं, 'बर्फ कमी'. पाट लिहिला असता तर ताकामीसाहेबांचं नाव आलं असतं. त्यांना पुढे बढती मिळाली, ते निवृत्त झाले, वारले. त्यांच्या अंत्यविधीला दाराशी येणाऱ्यांची नावं टिपून घ्यायला कुराशिनाच बसला होता. शेरा तसाच राहिला. तेवीस वेळा.

मियासाका फळ्यांवरूनच खाली वाकला. "हे आजच कशाला काढलंत?"

"बुजवू या की. दगड इथेच आहेत. दोन तासांचं काम."

"राखीव उद्यान आहे हे. दगड हलवायचा तर तीन खात्यांची परवानगी लागते. ते अर्ज तुम्हीच तर लिहिता."

"खणताना नव्हती लागली."

मियासाकाने उरलेला मुटका परत कागदात गुंडाळला. "कुराशिना-सान, तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. निरोप समारंभ छान होऊ द्या."

हे तो अगदी मनापासून म्हणाला. ताकामीसाहेबही असंच मऊ बोलायचे. रोपवेची वेळ होतेय, मी पुढे होतो, असं सांगून तो उतारावरून दिसेनासा झाला.

कुराशिनाने खुणेपासून पाण्यापर्यंत पट्टी सोडली आणि आकडा लिहिला. त्यातून पाट खणण्याआधीच्या वर्षीचा आकडा वजा केला. मग तो पाटाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसला, जुन्या काठाच्या पातळीत काठी आडवी धरली आणि तिथून तळापर्यंत मोजलं. एकदा, मग पुन्हा एकदा. आधी त्याने सही केली. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:

पाण्याची घट १९ सेंटिमीटर. पाटाची खोली १९ सेंटिमीटर.