रिकाम्या घराचं मीटर

वीज कंपनीची चिठ्ठी आमच्या गुआल्याय गावाच्या प्रत्येक दारात एकाच दिवशी पडली. भिंतीवरचं जुनं, चकती फिरणारं मीटर काढून नवं स्मार्ट मीटर बसवणार, ते आपणहून क्वेन्का शहरातल्या कचेरीला आकडे कळवणार आणि त्यासाठी घरमालकाकडून काही घेतलं जाणार नाही, एवढंच तिच्यात होतं. पण आमच्या गावात चिठ्ठी कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. दुपारपर्यंत दुकानात ठरलं, की नव्या मीटरचं बिल तिप्पट येतं. संध्याकाळी बायका सांगत होत्या, की त्याच्या लहरींनी स्वयंपाकघरात पाळलेल्या गिनीपिगांची पिल्लं मरतात. आणि दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं, "घरात माणूस आहे की नाही, तेसुद्धा त्याला कळतं म्हणे. रिकामं घर दिसलं की सरकार ताब्यात घेणार."

पहिल्या दोन गोष्टी ऐकून सोइला मोरोचो हसली होती. तिसरी ऐकल्यावर तिने डोक्यावरची टोपी नीट केली आणि कुणाशी न बोलता घराकडे वळली.

सोइला साठीच्या पुढची. नवरा वारल्यापासून मातीच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. अंगणाच्या पलीकडे तिच्या मुलाचं, विल्मरचं घर. तीन मजले, निळ्या काचा, गच्चीला कठडा. विल्मर एकोणीस वर्षांचा असताना अर्धं जग पायी आणि ट्रकमधून ओलांडून न्यू यॉर्कला गेला, त्याला सतरा वर्षं झाली. तिथे तो लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवतो. कागदपत्रं नाहीत, त्यामुळे एकदा तिथून निघाला की परत आत जाता यायचं नाही. आमच्या गावात अशी अकरा घरं आहेत. बांधणारे तिकडे आणि किल्ल्या आयांच्या कमरेला.

पण सोइला नुसत्या किल्ल्या सांभाळत नव्हती. रोज संध्याकाळी सहा वाजता ती अंगण ओलांडून जाई. तिन्ही मजल्यांवरचे दिवे लावी, गच्चीवरचे चार मोठे हॅलोजन लावी. डोंगरातली ओल लागू नये म्हणून विल्मरच्या खोलीत दोन हीटर आणि पाहुण्यांच्या खोलीत एक. न वापरलेला नळ गंजतो म्हणून गिझर लावून पाणी सोडून बघे. मग विल्मरच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसे. नऊ वाजले की सगळं बंद करून आपल्या मातीच्या घरात झोपायला जाई. खालच्या रस्त्याने जाणाऱ्या परक्याला वाटे, वर लग्नघर आहे.

"मुलगा आला का?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "यंदाच्या नाताळला येतोय."

घर पूर्ण झाल्यापासून असे सात नाताळ गेले होते.

आणि आता ते नवं मीटर कचेरीत जाऊन सांगणार होतं, की या घरात कुणी राहत नाही. सरकारचं भय होतंच. पण आपला मुलगा इथे नाही, हे कुठेतरी कायमचं नोंदलं जाईल, याचं भय तिला त्याहून मोठं होतं.

कंपनीची माणसं आली तेव्हा ती मोठ्या घराच्या मीटरखाली बाकावर बसलेली होती. हातात लोकर कातायची चाती. पथकाची मुख्य मारिबेल नावाची एक तरुण तंत्रज्ञ होती.

"सोइलाबाई, दहा मिनिटांचं काम आहे. जरा बाजूला होता का?"

"दहा मिनिटांत तू माझ्या मुलाला बेघर करशील."

"हे वीज मोजतं. माणसं मोजत नाही."

"मग ते कचेरीशी बोलतं कशाला? हे जुनं बघ, मुकं आहे बिचारं. कधी कुणाची चहाडी केली नाही त्याने."

जमलेल्या बायका हसल्या. एक येऊन सोइलाशेजारी बसली, मग दुसरी. आठवडाभरात तीस घरांनी दारं लावून घेतली. मारिबेलने शेवटी ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर भार मोजणारं एक यंत्र तेवढं लावलं आणि ती निघून गेली. त्या दिवशी सोइलाला गावात पहिल्यांदाच एवढा मान मिळाला.

नवं मीटर घेतलं ते एकट्या ओतिलियाने. ओतिलिया आमच्या पाणी समितीची अध्यक्ष. विल्मरच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तिनेच त्याला हातांवर धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात, आणि हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीपेक्षा कमी मानत नाहीत. ओतिलियाचा नवरा आबेलार्दो चाळीस वर्षं दगडाच्या खाणीत होता. फुप्फुसात धूळ बसली. आता ऑक्सिजनच्या मशीनशिवाय त्याला चालत नाही. काही महिन्यांपूर्वी ते मशीन घरात आलं, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी ते कुरकुरायचं, पिवळा दिवा लावायचं, मग ओरडू लागायचं. विजेचा दाब पडायचा. खालच्या आळीतले बल्ब काजव्यासारखे व्हायचे.

लोकांनी गुन्हेगारही शोधला. रिगोबेर्तो वेल्डिंगवाला. त्याच्या शेडमधून ठिणग्या उडताना सगळ्यांना दिसायच्या.

"मी पाचला काम बंद करतो," तो प्रत्येकाला सांगे. कुणी ऐकत नव्हतं. एके दिवशी तिघांनी जाऊन त्याची तार कापली. रिगोबेर्तो हातातलं फाटकाचं काम अर्धवट टाकून दारात बसून राहिला. सोइलासुद्धा त्या तिघांना म्हणाली होती, "बरं केलंत."

तार कापून चार दिवस झाले तरी आबेलार्दोचं मशीन सहा वाजता ओरडतच होतं. मारिबेल खांबावरचं यंत्र तपासायला आली तेव्हा ओतिलियाने तिला घरात बोलावून औषधी पाल्याचा लाल काढा दिला आणि विचारलं, "खरं काय ते सांग. कोण ओढतं एवढी वीज?"

"घरोघरी मीटर असतं तर सांगितलं असतं. आता एवढंच सांगू शकते." मारिबेलने फोनवरची आकृती दाखवली. "बघा, सहाला भिंतीसारखा भार चढतो. नऊला तसाच उतरतो. रोज. रविवारीसुद्धा."

ओतिलियाने फोन हातात घेऊन आकृतीतली ती भिंत पुन्हा बघितली. सहा आणि नऊ. मोठ्या घराचे दिवे सगळ्या गावाला दिसत होते. आतले हीटर कुणाला दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सहाला थोडा वेळ असताना ती चढ चढून वर आली.

"कोमाद्रे, आज मीही येते तुझ्याबरोबर. बघू तरी माझ्या मानलेल्या मुलाची खोली."

सोइलाला आनंद झाला. तिने एकेक दिवा लावत सगळं घर दाखवलं. विल्मरच्या खोलीत हीटर लाल होत असताना ओतिलिया पलंगावर बसणार, तेवढ्यात सोइला म्हणाली, "तिथे नको, ही खुर्ची घे." गादीवर कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच होतं.

ओतिलिया खुर्चीत बसली. "वीस वर्षांपूर्वी पाण्याची मीटरं आली तेव्हाचं आठवतं तुला?"

"आठवतं. पहिला दगड तू मारला होतास."

"मीच. माझा नळ, माझं पाणी, त्यांना काय करायचंय? मग मीटर बसलं आणि कळलं, की माझ्या बागेत रात्रभर नळ चालू राहतो आणि वरच्या आळीतल्या बायका पाठीवर डबे बांधून नदीवर जातात. मला मीटरचा राग नव्हता गं. त्याने मला माझंच तोंड दाखवलं, त्याचा राग होता."

"माझ्या तोंडाला काय झालंय?"

"आबेलार्दो सहा वाजल्यापासून नऊपर्यंत खुर्चीत ताठ बसून एकेक श्वास ओढतो. मशीनला दाब पुरत नाही. रिगोबेर्तोची तार कापली, तरी पुरत नाही."

सोइला हीटरकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला कुणी बोललं नाही."

"मलाच काल कळलं."

सोइला उठली. तिने एक हीटर बंद केला, मग दुसरा, मग पाहुण्यांच्या खोलीतला. खाली जाऊन गिझर बंद केला, गच्चीवर जाऊन हॅलोजन आणि येताना मजल्यामजल्यावरचे दिवे बंद केले. परत येऊन तिने खोलीतला दिवाही मालवला.

"त्या मीटरबद्दलही सांगते," ओतिलिया म्हणाली. "डोळे मिटून सही कर, असं मी कधी म्हणणार नाही. जुना आकडा लिहून घे, त्यावर तिची सही घे, दोन महिने बिलं ताडून बघ. चुकलं तर कचेरीच्या दारात मी तुझ्याबरोबर बसेन. पण तू मीटरला भीत नाहीस, कोमाद्रे. ते खरं बोलेल, याला भितेस."

सोइला खिडकीपाशी गेली. खालच्या रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "आणि अंधार बघून तो परत फिरला तर?"

ओतिलियाने आपला फोन काढला आणि विल्मरला लावला.

काचेवर त्याचा चेहरा आला. केसांत सिमेंटची भुकटी, डोळ्यांखाली काळं. "निना, तुम्ही?" धर्ममातेला तो अशीच हाक मारी. " मामिता, तूही आहेस? अंधार का तिथे, वीज गेली?"

"मीच बंद केली," सोइला म्हणाली. "तुझ्या गादीला ओल लागेल आता. रागावू नकोस."

"माझी गादी? त्यावर तू झोपत नाहीस?"

"मी कशी झोपेन? नवी आहे ती."

विल्मर उभ्याचा खाली बसला. "मामिता, ते घर मी तुझ्यासाठी बांधलं. मातीच्या घरात तुझे गुडघे धरतात म्हणून. खालची खोली बिनपायऱ्यांची मुद्दाम काढायला लावली. तू कुठे राहतेस मग?"

"तिथेच. जिथे तू मला सोडून गेलास तिथेच."

पलीकडे कुठेतरी फरशी कापायचं यंत्र चालू होतं. विल्मरने वळून ते बंद करायला सांगितलं.

"दर रविवारी तू दिवे लावलेल्या घराचा फोटो पाठवतेस," विल्मर म्हणाला. "तो बघितला की मला खरं बोलवत नाही. म्हणून मी नाताळ म्हणतो. मला येता यायचं नाही, मामिता. यंदाही नाही. कदाचित अजून बरीच वर्षं नाही."

ओतिलियाला वाटलं, आता ही कोसळणार. पण सोइलाने फोन जवळ घेतला आणि मुलाच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, जणू ती भुकटी पुसायची होती.

"मला ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं."

त्या संध्याकाळी आबेलार्दोचं मशीन पुन्हा ओरडलं नाही.

मारिबेलला सोइलाने स्वतः निरोप पाठवला, पण तिला सुखासुखी मीटरला हात लावू दिला नाही. जुन्या मीटरचा आकडा मोठ्याने वाचायला लावला, लिहायला लावला, सही घेतली. मग विचारलं, "घर रिकामं दिसलं तर घेणार का?"

"नाही. कंपनीला तो हक्कच नाही."

"आणि माझे आकडे तिथे कोण कोण बघतं?"

मारिबेल अडखळली. "मला नक्की माहीत नाही."

"मग माहीत करून ये. कागदावर आण."

दोन दिवसांनी मारिबेल शिक्का मारलेला कागद घेऊन आली. कोण बघू शकतं, कोण नाही, तक्रार कुठे करायची, सगळं त्यात होतं. ओतिलियाने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. मग सोइला बाकावरून उठली. पुढच्या महिन्यात उरलेल्या घरांनी तोच कागद मागितला आणि तेच प्रश्न विचारले. कंपनीलाही त्यामुळे नीट उत्तरं द्यायची सवय लागली, असं मला वाटतं.

गावसभेत सोइला बोलायला उभी राहिली. तिला भाषण येत नाही.

"रिगोबेर्तो, तुझी तार कापली तेव्हा मी बरं केलं म्हणाले. वीज मी ओढत होते. मला माफ कर."

रिगोबेर्तो हसला नाही. "माफीचं बघू," तो म्हणाला. "ज्यांनी कापली त्यांनी आधी जोडून द्यावी." त्या तिघांनी दुसऱ्याच दिवशी तार जोडली. अर्धं राहिलेलं फाटक पुरं झालं. सोइलाशी तो बोलू लागला तो मात्र बऱ्याच दिवसांनी.

मित्रहो, नवी वस्तू दारात आली की तिला प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे. तो सोडू नये. पण प्रश्न विचारण्याआधीच दार लावून घेतलं, तर एकदा स्वतःलाही विचारावं, की आपण नेमकं काय झाकतो आहोत. दिव्याचं बटण आपल्या भिंतीवर असलं, तरी तार एकट्या आपल्या घराची नसते. तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी श्वास घेत असतं.

सोइला आता मोठ्या घरात, बिनपायऱ्यांच्या खोलीत राहते. विल्मरची गादी तिने तिथे खाली आणवली, पण तिच्यावरचं प्लास्टिक काढायला तिला तीन आठवडे लागले. पहिली रात्र ती गादीच्या अगदी कडेला झोपली, हे तिनेच मला सांगितलं.

त्यानंतरच्या एका रविवारी ती जेवत असताना विल्मरचा फोन आला. थोडं इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "मामिता, इतके दिवस सांगायचा धीर झाला नाही. तू माझी वाट बघत होतीस, आणि मी इथे मूळ धरलंय असं कसं सांगू?" आणि त्याने फोन खाली धरला. चार वर्षांची एक मुलगी समोर आली. कपाळ थेट सोइलाचं.

"आजी, तू काय खातेस?" तिने मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं.

"उकडलेला मका, बाळा."

"कसा लागतो?"

सोइलाला सांगता येईना. तिने ताटातला एक पांढराशुभ्र, टपोरा दाणा उचलला आणि फोनच्या काचेजवळ नेला. पलीकडे पोरीने डोळे मिटून तोंड उघडलं.