मागं कोण बसलं होतं?

तो गाडीवरून उतरायच्या आधीच सौंदर्यानं त्याला ओळखलं. गाडी उभी केली की आधी आरशात बघून केसांवरून हात फिरवायचा, ही त्याची खोड नऊ वर्षांत गेली नव्हती. बदललं होतं ते फक्त पोट. ते आता पेट्रोलच्या टाकीवर निवांत टेकत होतं.

"मिस्त्री हायत का?" त्यानं विचारलं.

"मीच बघते. बोला."

शिवाजी पेठेत एक बाई घराच्या दारातच गाड्या दुरुस्त करते हे सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होतं, तरी नवीन गिऱ्हाईक जरा बिचकायचंच. तोही बिचकला. पण त्याचा नेहमीचा मिस्त्री गावाला गेला होता, आणि शुक्रवारी बायकोला घेऊन मालवणला जायचं ठरलं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी तिला समुद्र दाखवला नाही, म्हणून सासऱ्यानं चारचौघांत ऐकवलं होतं.

गाड्या दोन होत्या. एक चंदेरी, दिवाळीत घेतलेली, सीटवरचं प्लॅस्टिक अजून न काढलेली. दुसरी वडिलांच्या वेळची निळी. ती त्यानं दुपारी आणून लावली.

"दोन्ही बघून ठेवा अक्का. आणि कुठली नेऊ ते तुमीच सांगा," तो म्हणाला. "नाव लिवून घ्या. वीरेश."

नाव लिहून घ्यायची तिला काही गरज नव्हती.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात हा वीरेश ह्याच घरी तिला बघायला आला होता. ती तेव्हा बावीस वर्षांची, अंगानं थोराड, गोल चेहऱ्याची. त्यानं दोन वाट्या शिरा खाल्ला, वर आणखी मागून घेतला. मग उठून बाहेर आला. आण्णा, म्हणजे सौंदर्याचे वडील गुरुसिद्ध मिस्त्री, पाहुण्यांना पोचवायला दारात हात जोडून उभे होते. त्यांच्यासमोर गाडीला किक मारता मारता तो बरोबरच्या मित्राला म्हणाला, आणि आवाज जराही खाली न करता म्हणाला, "ही मागं बसल्यावर गाडी घाट चढायची न्हाय रं! ढकलतच न्यायला लागंल."

समोर ज्ञानूचा चहाचा गाडा. तिथली आठ-दहा माणसं खदखदून हसली. ज्ञानू तर हातातली किटली खाली ठेवून हसला. आण्णांचे हात जोडलेले ते जोडलेलेच राहिले.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण ते वाक्य पेठभर झालं. ती बाजारात निघाली की कोपऱ्यावरची टोळकी "ढकला रं, ढकला!" म्हणून ओरडायची. पुढची स्थळं दारापर्यंत आलीच नाहीत. तीन वर्षांनी आण्णांनी विषय सोडला, आणि तिनं बघण्याच्या कार्यक्रमाची साडी बोहारणीला देऊन पाना हातात घेतला. लोकांना वाटलं, पोरीनं नशीब मान्य केलं. मान्य कसलं? राग आवरायला तिला हातात काहीतरी जड हवं होतं.

आणि आता तो समोर उभा होता, आणि त्याला ती आठवत नव्हती. त्या वर्षी त्यानं सतरा मुली बघितल्या होत्या म्हणे. सतरा घरचा शिरा खाणाऱ्याला कुठलं घर आठवणार? त्याला सगळं आठवलं असतं, तो जरासा शरमला असता, तर तिनं कदाचित गाड्या नीट करून दिल्या असत्या आणि विषय संपवला असता. पण हा विसरून मोकळा झाला होता, आणि ते तिला सोसवेना. जे आपल्याला रोज आठवतं ते ह्यालाही आठवलं पाहिजे, मरेपर्यंत आठवलं पाहिजे, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं.

तिनं निळ्या गाडीचं पुढचं चाक भिंतीला टेकवलं, गिअर टाकला आणि क्लच सोडला. चांगली गाडी असती तर इंजिन धक्का देऊन बंद पडलं असतं. हे नुसतं गुरगुरत राहिलं. क्लच प्लेट झिजून संपल्या होत्या, इंजिनचा जोर चाकापर्यंत पुरा पोचत नव्हता. सपाटीला कळणार नाही, उताराला तर नाहीच. पण मालवणला जाताना घाट उतरायचा आणि येताना चढायचा.

आण्णा आतून तो आवाज ऐकत होते. ते बाहेर आले. "प्लेटा गेल्यात की गं."

"असू देत."

"कुणाची गाडी?"

तिनं नाव सांगितलं. आण्णांनी खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले. स्वच्छ होते तरी बराच वेळ पुसले.

"ब्रेक?" त्यांनी विचारलं.

"नवे घालणार हाय. पुढचे, मागचे, दोन्ही."

"मग ठीक हाय," म्हणून ते आत गेले. जीव घ्यायचा नव्हता. नाक कापायचं होतं, आणि त्याला ब्रेक चांगलेच लागतात.

दुसऱ्या दिवशी वीरेश बायकोला घेऊन आला. विद्याश्री तिचं नाव, कुरुंदवाडची, अंगानं काडी.

"चंदेरी झकास हाय," सौंदर्या म्हणाली. "पण मालवणचं खारं वारं लागलं की हिची सगळी चमक जाणार. आठ दिवसांत गंज चढंल. नवी गाडी कशाला घालवतासा?"

वीरेशनं चंदेरीच्या टाकीवरून असा हात फिरवला की बायकोवरून कधी फिरवला नसेल. "व्हय की! निळीच नेतो."

तो ज्ञानूकडं चहा प्यायला गेला आणि विद्याश्री तिथंच थांबली. सौंदर्यानं तिच्या पायांकडं बघितलं. गाडी ओढेना झाली की उतरून चालायला लागतं ते मागच्यालाच. त्याचं नाक कापायला जावं आणि फोड हिच्या पायाला यावेत? तिनं प्लेटांच्या खोक्याकडं हातसुद्धा नेला. मग वळून विचारलं, "वहिनी, तुमाला गाडी येती?"

विद्याश्रीनं आधी ज्ञानूच्या गाड्याकडं बघितलं. "येती की. माहेरी अप्पांची राजदूत चालवत हुते, मळ्यात डबा घिऊन जायला. लग्न झाल्यापासनं ह्यांनी हात लावू दिला न्हाय. बाईला गाडीवर बघून लोक हसतात म्हणे."

"मग ऐका. घाटात गाडी ओढंना झाली तर तुमी चालत येऊ नगा. त्यांना उतरवा आणि तुमी एकट्या चालवा. हलकं माणूस ती ओढती."

विद्याश्री तिच्याकडं बघत राहिली. "ओढणार न्हाय हे तुमाला आत्ताच ठाऊक हाय?"

"जुनी गाडी हाय," सौंदर्या म्हणाली.

विद्याश्रीनं हळूच निळ्या गाडीची मूठ धरून बघितली.

शुक्रवारी दोघं गेली. ते चार दिवस सौंदर्याला काम सुचलं नाही. एका गाडीचं चाक तिनं दोनदा काढून दोनदा बसवलं.

मंगळवारी सकाळी, ज्ञानूच्या गाड्यावर ऐन गर्दी असताना, निळी गाडी रडतखडत आली. चालवत होती विद्याश्री. मागून रिक्षा आली आणि तिच्यातून वीरेश लंगडत उतरला. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"कसली गाडी दिली तुमी?" तो रस्त्यातूनच ओरडला. "सगळा फोंडा घाट चालत चढलो मी! एसटीतली माणसं खिडकीतनं हात करून जात हुती!"

सौंदर्या पान्यासकट बाहेर आली. सगळ्या गाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "मागं कोण बसलं होतं?"

"आधी मी," विद्याश्री म्हणाली. "मग मी चालवली आणि हे मागं बसले. हे असले की ओढायचीच न्हाय. मी एकटी बसले आणि चढली."

गाड्यावर कुणीतरी फिसकन हसलं.

"मग गाडीला काय बोलायचं, पावणं?" सौंदर्या म्हणाली. "असलं माणूस मागं बसल्यावर गाडी घाट चढायची न्हाय. ढकलतच न्यायला लागंल."

वीरेशच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि मग तो एकदम हसला. चार माणसांत आपण हसलो की आपल्याला कुणी हसत नाही, असं त्याला वाटत असावं. "आयला, ह्ये तर माझंच बोलणं! एका ढब्ब्या पोरीला बघायला गेलतो तवा बोललोतो. ह्याच पेठेत कुठंतरी."

त्यानं टाळीसाठी आजूबाजूला बघितलं. एकही हात पुढं आला नाही. ज्ञानूनं किटली खाली ठेवली.

"कुठंतरी न्हाय," सौंदर्या म्हणाली. "ह्याच दारात. ती पोरगी मी. आणि क्लच प्लेट गेल्यात हे मला ठाऊक हुतं. ब्रेक तेवढे नवे घातले, ते वहिनींसाठी."

आण्णा दारात येऊन उभे राहिले होते. ह्या वेळी त्यांचे हात पाठीमागं होते.

वीरेशनं दाराकडं बघितलं, मग आण्णांकडं. त्याला आठवलं होतं. मानेपासून वर चढत गेलेला लाल रंग तिनं डोळे भरून बघितला. नऊ वर्षं तिला ह्याचीच भूक होती.

विद्याश्रीनं गाडी वळवली.

"अगं थांब, मी बसतो की," वीरेश म्हणाला.

"तुमी बसल्यावर चढत न्हाय ती," ती म्हणाली आणि एकटीच निघून गेली.

रिक्षाही गेली होती. वीरेश हातात चप्पल घेऊन भर रस्त्यात उभा राहिला आणि मग लंगडत चालू लागला.

"ढकलू का, पावणं?" ज्ञानू मागून ओरडला, आणि सगळा गाडा खदखदून हसला. नऊ वर्षांपूर्वी हसला होता तसाच.

सौंदर्या त्या हसण्याकडं वळली. गाड्याशेजारी ज्ञानूची मोपेड उभी होती, दुधाचे कॅन अडकवलेली.

"ज्ञानूमामा," ती शांतपणे म्हणाली, "तुमची गाडी कवा आणतासा दुरुस्तीला?"

ज्ञानूचं हसणं तिथंच थांबलं.