म्याओ सेक्रेटरींचे दोन हात

आमच्या नदीकाठच्या गावात तेव्हा घरी बटणं बनवून विकणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच होता. सरकारचं धोरण प्रतिपदेला एक, पौर्णिमेला दुसरं. त्यामुळे शहरातला एक कारखाना बटणांचं जुनं मशीन विकतोय हे कळूनही माझी वहिनी त्साइफेंग भिशीचे पैसे उशाखाली घेऊन बसली होती.

शेवटी म्याओ सेक्रेटरी स्वतः आले. पक्षाचा गावातला सर्वांत मोठा माणूस आमच्या दारात ताटकळत उभा!

"घे की मशीन. मी शब्द देतो."

"तुमचा शब्द तुमच्यापाशीच राहू द्या," शेवया उपसता उपसता वहिनी म्हणाली. "उद्या तुमची बदली झाली की शब्दही जाईल सामानाबरोबर. मग माझं मशीन कोण सोडवणार, तुमचे सासरे?"

दुसरा कुणी असता तर भडकला असता. हे खो खो हसले आणि विचार करत निघून गेले.

गावच्या प्रतिनिधींच्या पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला. सभेच्या संमतीशिवाय घरातल्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, सेक्रेटरीनेसुद्धा. मीही त्या सभेचा सभासद. आमचं काम एकच: सेक्रेटरींचा हात वर गेला की आपला करायचा. केला. मला ते सगळं नाटकच वाटलं. वहिनीला मात्र ते 'सेक्रेटरीनेसुद्धा' पटलं. तिने मशीन आणलं.

हिवाळ्यात जिल्ह्याचा साहेब जप्तीचा हुकूम आणि सील ठोकायची लाख घेऊन हजर झाला. मशिनं आजच्या आज सील करायची म्हणाला. वहिनी घरात मशीनला पाठ लावून बसली.

"ठराव सभेचा आहे," म्याओ म्हणाले. "सभेनेच मोडायला हवा."

"बोलवा की!" साहेब म्हणाला. "तुमची सभा म्हणजे नंदीबैल."

सभा भरली. म्याओंनी हुकूम शब्दन् शब्द वाचला. "जप्तीच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत," म्हणाले, आणि चहाचा मग दोन्ही हातांनी धरून बसले.

आम्ही सगळे त्या हातांकडे बघतोय. हात काही मगावरून हलेनात.

"काय करायचं रे?" शेजारचा म्हातारा कुजबुजला.

"घडी घाल हाताची," मी म्हणालो.

"म्याओ, तुमचा हात?" साहेब गुरगुरला.

"थंडी फार आहे, साहेब. शेकतोय."

चहा तर केव्हाच निवला होता. एकही हात वर गेला नाही. साहेब लाख पिशवीत टाकून गेला.

सत्ता हातात असताना स्वतःचेच हात बांधून घेणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवं वर्ष लागायच्या आधीच त्यांना लांब डोंगरातल्या चहाच्या मळ्यावर धाडलं.

वहिनी वाटेत खायला माशाचे गोळे घेऊन धक्क्यावर गेली. मी सोबत होतो.

"आता नवा सेक्रेटरी येईल," म्याओ हळूच म्हणाले. "भीती नाही वाटत?"

वहिनीने नुसती बोटीकडे मान वळवली. ज्या बोटीने ते जाणार होते, तिच्यातूनच दोन हमाल वहिनीचं दुसरं मशीन उतरवत होते.